रुक्मिणताईंच्या आतल्या जावा

रुक्मिणताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भांडत होत्या, आणि समोर कुणीच नव्हतं.

उपकेंद्रात रुजू होऊन मला दोनच दिवस झाले होते. फाट्यावर जीपमधून उतरून मी उन्हातून गावाकडं चालले होते. पुढं एक बाई चाललेली. खांद्याला झोळी, छातीशी धरलेलं रजिस्टर आणि तोंड अखंड चालू. "तुला काय करायचं गं? तुझं तू बघ की." मग जरा जाड आवाजात, "मी म्हनते म्हनून ऐक. त्या घरी जाऊ नको." पुन्हा पहिला आवाज, "जानार. नाव यादीत हाय तिचं." मला वाटलं बाई फोनवर बोलतेय. जवळ गेले तर फोन कमरेला खोचलेला, बंद. मला बघून त्या जराही लाजल्या नाहीत.

"नव्या सिस्टर का? चला. आतल्या जावांचं वाजलंय. मिटंल गावात जास्तोवर."

मी स्वभावानं फटकळ. नर्सिंग अंबाजोगाईत शिकले होते आणि डोक्यात पक्कं बसलं होतं, की जे पुस्तकात नाही ती अंधश्रद्धा आणि तसं वागणारी बाई अडाणी. असल्या डोक्याला ही स्वतःशी भांडणारी आशाताई, म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, मिळाली. म्हटलं, झालं कल्याण.

गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच राहतात. अंबाजोगाईहून एसटीनं पाऊण तास. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जाणार आणि उन्हाळ्यात परतणार. गावाच्या मधोमध ओढा आहे, बाराही महिने कोरडा. अलीकडं रुक्मिणताईंची गल्ली, म्हणजे सगळी भावकी. पलीकडं भीमनगर, तिथं बौद्ध घरं. दोन्हीकडं मिळून एकच आशाताई. ओढा ओलांडून पलीकडच्या घरांत जाणारं दुसरं कुणी नव्हतं. निवडणूक आली की बाकीचे ओलांडत.

जावांचा खुलासा त्यांनी त्या पहिल्याच दिवशी करून टाकला. "माझ्यात दोघी हायत सिस्टर. एक थोरली, एक धाकटी. थोरली माझ्या मायची, आजीची. काय शिवायचं, काय शिवायचं न्हाई, सगळं पाठ तिला. धाकटी टरेनिंगला गेलती, ती नवं बोलती. दोघींचं एका चुलीवर पटत न्हाई. तुमच्यात न्हाईत व्हय?"

"नाहीत," मी म्हटलं.

"असत्यात. तुमच्या बोलत नसत्याल."

कपाळावर ठसठशीत कुंकू, सरकारी साडीला खांद्यावर भलीमोठी सेफ्टी पिन आणि चाल अशी की मागून येणाऱ्याला धाप लागावी. दहावी लग्नानंतर, थोरला मुलगा झाल्यावर दिलेली. गावातल्या प्रत्येक लेकराचा जन्म त्यांना पिकावरून आठवे. "ही तूर फुलोऱ्यात व्हती तवाची," "हा सोयाबीन भिजलं त्या साली." रजिस्टर उघडून तारीख बघावी तर महिना बरोबर निघायचा. मी कित्येकदा मुद्दाम तपासलं, त्यांना पकडायचंच म्हणून. एकदाही सापडल्या नाहीत.

मला त्यांचा पहिला राग आला तो एका बाळाच्या वजनावरून. बाळाची आजी झोळीच्या काट्याला लेकरू लावू देईना, वजन केलं की दृष्ट लागते म्हणून. मी माझं भाषण सुरू केलं. रुक्मिणताईंनी मला कोपरानं मागं सारलं आणि म्हाताऱ्या बाईला म्हणाल्या, "आत्या, माझंबी काळीज आसंच भेतं बघा. खोटं कावून बोलू? माझ्या लेकराला लावला तवा मी डोळं मिटून घेतलेते." मग चुलीकडं जाऊन बोटाला काजळी लावून आणली, बाळाच्या गालावर तीट लावली आणि आजीच्याच हातानं लेकरू झोळीत ठेवलं. वजन फार कमी भरलं. तिसऱ्या दिवशी ते बाळ अंबाजोगाईच्या दवाखान्यात होतं, पंधरवड्यानं धडधाकट परत आलं. वजन केलं त्या दिवशी परत येताना वाटेत मी म्हटलं, तीट लावायची काय गरज होती? त्या म्हणाल्या, "त्या म्हातारीला मी अडाणी म्हनले असते तर माझ्यातल्या थोरलीला म्हनल्यासारखं झालं असतं. मग ती रुसून बसली असती. रुसलेली बाई लई घातकी असती सिस्टर. बोलत न्हाई, गुपचूप करती."

तेव्हा मी हसले होते. ही गुपचूप करण्याची भानगड काय असते ते मला पुढं त्यांच्याच रजिस्टरात दिसायचं होतं.

रुक्मिणताईंचा गुरुवार फार कडक. संध्याकाळी घरी जाऊन दिवा लावल्याशिवाय बाहेरच्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं दगड तापतात, पण ही बाई कोरड्या ओठांनी घरोघर हिंडे. मला त्याचं कौतुक वाटे. एका गुरुवारी मी त्यांच्याबरोबर भीमनगरात गेले होते. पहिलंच घर केवळाबाईंचं. केवळाबाई सत्तरीच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, कायम उंबऱ्याशी मिशेरी लावत बसलेल्या. सून संगीता, तिची दुसरी वेळ, सातवा महिना. संगीतानं चहा आणला. मी घेतला. मी सगळ्यांच्या घरी चहा घेत असे आणि त्याचा मला बारीकसा गर्वही होता. रुक्मिणताई नेहमीप्रमाणं हात जोडून म्हणाल्या, "गुरुवार हाय माय."

केवळाबाईंनी तोंडातली मिशेरी थुंकली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तुझा देव लई हुशार गं. तू आमच्या दारात आलीस की बरोबर त्याचा गुरुवार असतो."

संगीता चपापली. रुक्मिणताई हसल्या, संगीताचं पोट तपासलं, गोळ्या दिल्या, पुढची घरंही केली. ओढ्याच्या पुलावर आलो आणि त्या एकाएकी कठड्यावर बसल्या. झोळीतून रजिस्टर काढलं, मागची दोन जुनीही काढली. ती त्या कायम बरोबर बाळगत. बोट थुंकीनं ओलं करून पानं उलटू लागल्या. भीमनगर, गुरुवार. भीमनगर, गुरुवार. मी खांद्यावरून वाचत होते. सहा वर्षांची पानं. त्यांच्या गल्लीतल्या भेटी सोमवारी, मंगळवारी, शनिवारी, कधीही. भीमनगराच्या भेटीपुढं वाराच्या रकान्यात तेवढा एकच शब्द. त्यांच्याच हस्ताक्षरात.

"नियोजन असतं एकेकाचं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"मी ठरवलं न्हवतं सिस्टर," त्या म्हणाल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. "आईची आन. मी कदीच ठरवलं न्हवतं. मग कुनी ठरवलं?"

ऊन उतरेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, योगायोग. मी तर नक्की म्हणाले असते. ह्या बाईनं पानं मिटली आणि मोठ्यानं, कुणालाही ऐकू जाईल असं, स्वतःला म्हणाली, "थोरले, सहा साल तू माझे पाय चालवलेस व्हय गं?" मला त्या क्षणी त्यांची थोडी भीतीच वाटली. इतकं खरं स्वतःशी बोलणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

सोमवारी त्या पुन्हा केवळाबाईंकडं गेल्या. मला बरोबर यायला लावलं. "मी आत जाऊन बावचळले तर तुमी हात धरा." केवळाबाईंनी त्यांना बघितलं आणि विचारलं, "आज सोमवार. आता कावून आलीस? माझा चहा पिऊन पवित्र व्हायला?"

"न्हाई. सांगायला आले."

"माझ्या चुलीवर तुझं पाप धुवायचं न्हाई हां."

"न्हाई धूत माय. नुसतं सांगते." आणि रुक्मिणताईंनी सांगितलं. रजिस्टर उघडून पान दाखवून सांगितलं, केवळाबाईंना अक्षर येत नसताना. मी देवाच्या नावाखाली तुझ्या घरचं पाणी टाळलं आणि मला ते ठाऊकही नव्हतं, असं सरळ. माझे कान तापले होते. केवळाबाई ऐकून घेत होत्या.

"तुला ठावं न्हवतं, मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "सहा साल ठावं व्हतं."

"मग आदी कावून बोलली न्हाईस?"

"तू नातवाला डोस देत व्हतीस. भांडून डोस घालवू?" जरा थांबून केवळाबाईंनी खाली उंबऱ्याकडं बोट दाखवलं. "आता माझंबी आईक. तू दारातून गेलीस की मी हितं तांब्याभर पानी वतायचे. दर बारीला. तू शिवलीस म्हनून न्हवं, रागानं. माझ्या मायला तुमच्या गल्लीत वरून पानी वाढायचे. म्हनलं, ही गेली की मीबी धुनार."

संगीतानं तोंडाला पदर लावला. त्या पाण्यामागचं कारण तिलाही माहीत नसावं. रुक्मिणताई उंबऱ्याकडं बघत राहिल्या आणि मग त्यांना हसू फुटलं. मग केवळाबाईंनाही. दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळेना, मला रडू येत होतं. शेवटी केवळाबाई म्हणाल्या, "चहा आज मिळनार न्हाई. दूध न्हाई." आणि खरंच दूध नव्हतं. आम्ही तशाच परत आलो. चहा पुढं केव्हातरी झाला असेल, मी तिथं नव्हते.

त्यानंतर त्यांची कामाची रीत बदलली. दोघी बाया नळावरचं भांडण घेऊन आल्या, की त्या तिसऱ्याच बाजूला बघत म्हणत, "थांबा जरा. माझं मन ह्या शांताकडं पळतंय, आमच्या गल्लीची म्हनून. ओढून आनू द्या." भांडायला आलेल्या बाया गोंधळून गप्प बसत. कधी पाच मिनिटं जात, कधी अर्धा तास. मग त्या सांगत, "हं, आलं. आता बोला." आपली बाजू कुणीकडं झुकते हे आधीच उघड सांगणारा पंच मी दुसरा पाहिला नाही. आणि लोक त्यांचं ऐकत, त्याचं कारण मला हेच वाटतं.

मग वर्ष होत आलं तेव्हा गावात कमानीचं प्रकरण झालं.

फाट्यावर सिमेंटची कमान उभी राहिली आणि तिच्यावर नाव कुणाचं, ह्यावरून गाव फाटलं. मारामारी झाली नाही, पण फोनवर काय काय फिरलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पंधरा दिवसांत भीमनगरातल्या पोराचं पंक्चरचं दुकान ओस पडलं आणि अलीकडच्या किराणा दुकानात ओढ्यापलीकडचं गिऱ्हाईक येईना. एकाच ऑटोतून अंबाजोगाईला जाणारी माणसं दोन ऑटोंची वाट बघू लागली. अंगणवाडीत दर महिन्याला लसीकरणाचं सत्र होई, तिथं दोन्हीकडून निरोप आले, की आमच्या लेकरांचे डोस आमच्या बाजूला द्या.

मला कुणाची बाजू घ्यायची नव्हती. मला फक्त त्रास नको होता. दोन ठिकाणी दोन सत्रं घेण्याची परवानगी मागणारं पत्र मी डॉक्टरसाहेबांच्या नावे लिहिलं आणि रुक्मिणताईंना वाचून दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "शाळा येगळ्या झाल्या, आमच्या गल्लीची लेकरं गाडीत बसून विंग्रजीला जात्यात. मसनवटा पहिल्यापास्नं येगळा. आता ऑटोबी येगळे. सिस्टर, गावात एवढी एकच सतरंजी उरलीय, जिच्यावर दोनीकडची लेकरं एका जागी रडत्यात. ती फाडू नका. सत्राला आठ दिस हायत. आठ दिस पत्र तुमच्यापाशी ठिवा."

"आणि आठ दिवसांत तुम्ही काय करणार? दोन्हीकडं जाऊन समजावणार?"

"छ्या. त्यांना काय समजावू? आदी आमच्या गल्लीत माझं सांगते."

त्या शनिवारी बचत गटाच्या बायका मारुतीच्या पारावर जमल्या होत्या. मीही होते. सगळ्या त्यांच्याच भावकीतल्या, पुढं बसलेली त्यांची सख्खी थोरली जाऊ पार्वतीबाई. घरात सगळ्यांवर हुकमत चालवणारी बाई. रुक्मिणताईंच्या आत एक थोरली होती ती होतीच, बाहेर ही. विषय कमानीवर आला, पलीकडच्यांना लई माज आलाय असं कुणीतरी म्हटलं, आणि रुक्मिणताई उभ्या राहिल्या. गुरुवारची सगळी गोष्ट सांगितली. रजिस्टर, वार, सहा वर्षं. "देवाला मी खोटं बोलायला लावलं," असं म्हणाल्या. "त्यांना माज आलाय का न्हाई ते मला ठावं न्हाई. माझ्यात काय हाय ते सांगितलं."

एका म्हाताऱ्या बाईनं नुसतं "हां" म्हटलं आणि मान खाली घातली. पार्वतीबाई ताडकन उठल्या. "घरची अब्रू वेशीवर टांगलीस. नवरा हाय, दोन लेकरं हायत, कायतरी लाज धर." आणि पाय आपटत निघून गेल्या.

पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. रुक्मिणताईंचा नवरा त्यांच्याशी बोलेनासा झाला. समोरासमोर बसून जेवायचं, पण मीठसुद्धा धाकट्या लेकराकरवी मागायचं. थोरला मुलगा बीडला क्लासला होता. त्यानं फोन केला, "आई, गावाच्या ग्रुपवर तुझं नाव आलंय, घरी यायची लाज वाटायलीय." भावकीत हळदीकुंकू होतं, आवतण आलं नाही. आणि पलीकडं भीमनगरातली तरणी पोरं पुलावर उभी राहून म्हणाली, "नाटक हाय बे सगळं. सत्र जवळ आलंय म्हनून." एकीकडून फितूर, दुसरीकडून ढोंगी. मी विचारलं, "हे सोसवतं कसं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "सोसवत न्हाई. रडते की. पर सिस्टर, पैल्यांदा आतल्या दोघी एका बाजूला बसून रडायल्यात. ते बरं वाटतं."

सत्राच्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी अंगणवाडीत सतरंजी अंथरली. एकच. मी लसीचा डबा घेऊन बसले. दहा वाजले, अकरा वाजले. दारात कुत्रं येऊन गेलं. यादीत एकवीस लेकरं, आलेलं एकही नाही. एरवी ह्या बाईनं घरोघर जाऊन, ओरडून, दटावून बाया आणल्या असत्या. आज त्या हलल्या नाहीत. माझं पत्र पर्समध्ये होतं. डब्यातला बर्फ वितळत चालला होता आणि मी मनात म्हणत होते, ह्या बाईच्या हट्टापायी लेकरांचे डोस चुकणार. बाराच्या सुमारास दारात सावली पडली. संगीता. कडेवर नऊ महिन्यांची मुलगी. पुलावरच्या पोरांनी तिला अडवलं असणार, तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती सतरंजीच्या पार टोकाला बसली. मी डोस दिला, पोर किंचाळली. डोस झाला की अर्धा तास तिथंच बसायचं, हा आमचा नियम. लेकराला काही होत नाही ना, ते बघायला.

दहा मिनिटांनी पार्वतीबाई आल्या. नातवाला घेऊन.

"लेकराचा डोस चुकाया नको म्हनून आले," त्या दारातूनच म्हणाल्या. "तुझ्यासाठी न्हाई."

"माझ्यासाठी न्हाईच जाऊबाई. बसा."

डोस झाला. पार्वतीबाई जायला निघाल्या. रुक्मिणताईंनी घड्याळाकडं बोट दाखवलं. पार्वतीबाईंनी सतरंजीकडं बघितलं, संगीताकडं बघितलं आणि उभ्याच राहिल्या. "मला हितं बसवत न्हाई," त्या म्हणाल्या. अशी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही. मला वाटलं, आता संपलं सगळं.

रुक्मिणताई त्यांच्याजवळ गेल्या. आवाज अगदी मऊ. "मग तसं म्हना जाऊबाई. बसून म्हना."

पार्वतीबाई बघतच राहिल्या. मग कुणी खांदे दाबावेत तशा खाली बसल्या, सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला, आणि पुन्हा म्हणाल्या, "मला न्हाई बसवत हितं."

"मलाबी न्हाई बसवत," संगीता भिंतीकडं बघत म्हणाली.

कमानीचं प्रकरण झाल्यापासून दोन बाजूंचं हे पहिलं एकमत. पण दोघी बसल्या. रुक्मिणताई मधे बसल्या नाहीत, की तुम्ही बोला म्हणून गळ घातली नाही. त्या माझ्याशेजारी रजिस्टर भरत होत्या. पंधरा मिनिटांनी पार्वतीबाईंचा नातू रांगत रांगत संगीताच्या पोरीपाशी गेला आणि तिचं टोपडं ओढलं. पोरगी रडली. पार्वतीबाई उठल्या, नातवाला उचललं आणि टोपडं पुन्हा पोरीच्या डोक्यावर घातलं. नाडीही बांधली. आणि त्या परत आपल्या टोकाला गेल्या नाहीत, होत्या तिथंच बसल्या.

अर्धा तास संपल्यावर पार्वतीबाई घरी गेल्या. त्यांनी गल्लीत काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. दीड वाजल्यापासून बाया येऊ लागल्या, दोन्हीकडून. संध्याकाळपर्यंत सतरा लेकरं झाली. चार आली नाहीत. त्यांच्यासाठी रुक्मिणताई पुढचा आठवडाभर दारोदार हिंडल्या. तिघांचे डोस झाले, एका घरानं शेवटपर्यंत दार उघडलं नाही. पत्र मी दिलं नाही. सत्र आजही एकाच ठिकाणी होतं. कमान मात्र अजून बिननावाची उभी आहे, आणि गावातलं सगळं काही गोडीगुलाबीचं झालं असं मी म्हणणार नाही.

आणखी वर्षभरानं माझी बदली झाली. दुसरा तालुका, दुसरी गावं. माझ्यातल्या जावा बोलायला लागल्या आहेत, एवढं सांगते. त्या काय बोलतात ते सांगायचं धाडस माझ्यात नाही.

परवा एका पेशंटला घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेले होते. दुपारची वेळ. आवारातल्या लिंबाखाली नातेवाईक डबे सोडून बसलेले. त्यात रुक्मिणताई दिसल्या, शेजारी संगीता. केवळाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्या आत झोपल्या होत्या. दोघींच्या मधे एक फडकं, त्यावर भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. कोणाच्या घरची भाजी, कोणाच्या घरची भाकरी, मी विचारलं नाही. मला फार आनंद झाला आणि मी तो बोलून दाखवला. म्हटलं, "ताई, जिंकलात तुम्ही. आतल्या दोन्ही जावा अखेर एका पंगतीला बसल्या."

रुक्मिणताईंनी मान हलवली. केस बरेच पिकले होते. "खोटं न्हाई बोलनार सिस्टर. पैला घास आजबी घशात अडकतो. रोज न्हाई. पर अडकतो."

मी घाबरून संगीताकडं पाहिलं. समोर बसून, तिच्या तोंडावर ही बाई हे बोलत होती. संगीता शांतपणे भाकरी मोडत होती.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "ती सांगती की, अडकलाय म्हनून. मग मी थांबते. माझा न्हाई का अडकत? हिच्या हातचं मी कावून खावं, आसं येतंच की मनात. मग ती थांबती. दोघींचा उतरला की जेवतो."

आत पेशंटचा नंबर पुकारला होता, जावं लागलं. दवाखान्याच्या दारातून एकदा मागं वळून पाहिलं. रुक्मिणताई डोळे मिटून, मान जरा वर करून, सावकाश गिळत होत्या. संगीताच्या हातात तिचा घास तसाच होता. ती दूर रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत बसली होती, अजिबात घाई नसल्यासारखी. मग रुक्मिणताईंनी डोळे उघडले, मान डोलावली, आणि संगीतानं घास तोंडात घातला.